काटकसर कुठे चालते, कुठे नाही

आमच्या मोत्या कुत्र्याच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली: अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. माणसांनाही हेच देतात! तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, जेनेरिक चालेल का? चालणार असेल तर चिठ्ठीवर घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. जनऔषधी केंद्रात मिळालं तर बरेच पैसे वाचतात. मात्रा मात्र वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच सांगायची.

घरच्या डब्यातली गोळी मनाने कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेतं. तिच्या यकृताला ते नीट पचवताच येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. अशी हिरडी दिसली तर तासभरही थांबू नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. झायलिटॉल हा साखरेचा पर्याय घातलेलं सिरप तर कुत्र्याला विषच.

कुत्र्याचं गोचिडांचं औषध उरलं म्हणून मांजरीच्या मानेवर दोन थेंब टाकणं, ही मला सगळ्यांत भीतीदायक काटकसर वाटते. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजरीला झटके येतात.

आणि लस? तिथे घासाघीस नको. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. दुकानातून आणायची झाल्यास बर्फाच्या डब्यातून न्या, टोचल्यावर कुपीवरचा स्टिकर लसीकरण कार्डावर चिकटवून घ्या.