आंबा आणि दगडफूल

आपल्या बांधावर आंब्याचे झाड असते. घरात काळा मसाला असतो. त्या मसाल्यात दगडफूल असते. आंबा सगळ्यांना ठाऊक आहे. पण दगडफूल म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नाव दगडफूल, पण ते फूल नव्हे. त्याला मूळ नाही, खोड नाही, पानही नाही. ते दोन जिवांचे एकत्र घर आहे. एक बुरशी, दुसरे शेवाळ. बुरशी घर बांधते व ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हात अन्न तयार करते. असा दोघांचा संसार चालतो. १८६७ साली श्वेंडेनर ह्या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितले. तेव्हा पुष्कळ विद्वानांना ते पटले नाही. पुढे त्याचेच म्हणणे खरे ठरले.

आता दोघांची तुलना करू. आंबा जमिनीत खोल मुळे सोडतो. तेथून पाणी घेतो. दगडफूल पावसाचे, दवाचे व धुक्याचे पाणी अंगानेच पिते. आंबा पाहता पाहता डोक्यावर जातो. दगडफूल वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढते. आंबा पुरता वाळला की संपला. दगडफूल उन्हाळ्यात वाळून कुरकुरीत होते आणि पाऊस पडला की पुन्हा जागे होते.

त्र्यंबक, इगतपुरीकडे पाऊस फार. तिकडे जुन्या झाडांवर आणि कातळांवर राखी-हिरवे चट्टे दिसतात. ते दगडफुलाचेच भाऊबंद. लोक म्हणतात, "झाडाला रोग लागला!" आणि कुऱ्हाड उचलतात. पण थांबा. हे चट्टे सालीवर नुसते बसतात. झाडाचा रस पीत नाहीत. झाड म्हातारे होऊन पाने विरळ झाली की ऊन आत येते, म्हणून चट्टे वाढतात. झाड खंगले असेल तर कारण मुळाशी, पाण्यात किंवा किडीत शोधावे.

खरा चोर बांडगूळ! त्याची पाने हिरवी व जाड असतात. त्याचे चिकट बी पाखरे फांदीवर टाकतात. त्याचे मूळ फांदीत शिरते आणि झाडाचे पाणी ओढते. ते नुसते वरून खुडू नये, पुन्हा फुटते. गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूने फांदीच कापावी. बांडगुळाला फळे येण्याआधी हे काम उरकावे.

आणखी एक गोष्ट. गंधकाचा धूर फार झाला की बहुतेक दगडफुले मरतात. ती भरपूर दिसली, तर हवा चांगली आहे असे समजावे. मात्र झाडावरचा कोणताही चट्टा ओरबाडून मसाल्यात घालू नये. सगळ्याच जाती खाण्याच्या नसतात.

तेव्हा बांडगूळ काढा, दगडफूल राहू द्या. आणि कुऱ्हाड उचलण्याआधी झाडाकडे एकदा नीट पाहा.