एक सर्व्हर, नावं अनेक

फेस्टचा सीझन आला की कॉलेजात साइट्सचं पीक येतं. फेस्टची एक, एनएसएसची दुसरी, मास मीडियावाल्यांची तिसरी. मग प्रत्येकासाठी वेगळं होस्टिंग घ्यायचं आणि ट्रेझररची बोलणी खायची. खरं तर डोमेन एक, सर्व्हर एक, त्यावर हवी तेवढी सबडोमेन, एवढ्यात भागतं.

पवईची आयआयटीच बघा. मुख्य पत्ता आयआयटीबी डॉट एसी डॉट इन. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी त्याआधी सीएसई लावलंय, इलेक्ट्रिकलवाल्यांनी ईई. मागे मशीन कितीही असोत, बघणाऱ्याला नाव एकाच घरचं वाटतं.

एकाच मशीनवर हे जमतं कसं? सोसायटीच्या गेटवरचे लेटरबॉक्स आठवा. बिल्डिंगचा पत्ता सगळ्यांचा एकच, पोस्टमन नाव वाचून डबा निवडतो. ब्राउझरसुद्धा पान मागताना 'होस्ट' नावाच्या ओळीत साइटचं पूर्ण नाव पाठवतो. एचटीटीपी १.१ ने १९९७ मध्ये ही ओळ सक्तीची केली.

आता काम. आधी डीएनएसमध्ये तारांकित, म्हणजे 'स्टार' नोंद करा. कुठलंही सबडोमेन तुमच्याच सर्व्हरवर येईल. मग अपाचेमध्ये 'व्हर्च्युअल डॉक्युमेंट रूट' ही सोय चालू करून फोल्डरच्या नावाच्या जागी टक्का-एक लिहा. टक्का-एक म्हणजे पत्त्यातला पहिला शब्द. 'फेस्ट'ने सुरू होणारा पत्ता आला की 'फेस्ट' फोल्डर उघडतो. पुढच्या वर्षी नवा क्लब आला तर फक्त नवं फोल्डर बनवायचं, सेटिंगला हात लावायचा नाही. भन्नाट ना? कुलुपाच्या चिन्हासाठी लेट्स एन्क्रिप्टचं स्टार सर्टिफिकेट २०१८ पासून फुकट मिळतं. पण तो स्टार एकाच पायरीपुरता. 'क्विझ डॉट फेस्ट' असं दोन पायऱ्यांचं नाव घेतलंत की ब्राउझर बोंब मारणार.

आणि फोल्डर वेगळे म्हणजे साइट्स सुरक्षित, असं मुळीच नाही. सगळे फोल्डर एकाच युजरखाली असतील, तर एका क्लबच्या जुनाट वर्डप्रेस प्लगइनमधून घुसलेला माणूस शेजारच्या फोल्डरातही शिरू शकतो. रजिस्ट्रेशनचे फोन नंबर त्यातच असतात! प्रत्येक साइटला वेगळा युजर द्या. कोअर कमिटी बदलली की गेल्या वर्षीची साइट काढून टाका. एखादं सबडोमेन बाहेरच्या फुकट होस्टिंगकडे वळवलं असेल, तर तिथलं खातं बंद करण्याआधी त्याची डीएनएस नोंद पुसा. नाहीतर ती रिकामी जागा दुसराच कुणी घेतो आणि त्याचं पान तुमच्या कॉलेजच्या नावाने उघडतं.