एक विषय राहिला म्हणून शिक्षण मोडू नका

शेतकरी बंधूंनो, कपाशीत नांग्या पडल्या तर आपण नांग्या भरतो, उभं वावर मोडत नाही. मग बीसीए शिकणारा पोरगा एका विषयात राहिला की त्याला घरी का बोलावता? नागपूर विद्यापीठात ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिल्यास एटीकेटी मिळते. म्हणजे पुढच्या वर्षाला बसून मागचा पेपर पुन्हा देता येतो. मात्र विषय साचले की वर्ष अडते. अंतर्गत गुणही धरले जातात, म्हणून प्रात्यक्षिके चुकवू देऊ नयेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ठरलेले क्रेडिट पुरे केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी अशी सोय आहे. तेव्हा आधी कॉलेजात जाऊन नियम विचारा, मगच निर्णय घ्या.