सुसानबाईंचे गाणे



गणपतीत, भजनात गाणारे गळे आपल्या कार्यक्षेत्रात कमी नाहीत. त्यांतल्या कोणाला टीव्हीवरच्या स्पर्धेत धाडायचे घाटत असेल, तर स्कॉटलंडच्या सुसान बॉइल यांची हकीकत आधी वाचावी, असे आम्हास वाटते.

ब्लॅकबर्न नावाच्या लहान गावातल्या या बाई. लग्न केले नाही. म्हाताऱ्या आईला सांभाळायचे आणि जमेल तिथे गायचे. २००७ साली आई गेली. तिच्या आठवणीखातर बाई 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'च्या निवड फेरीला ग्लासगोत गेल्या. ११ एप्रिल २००९ रोजी ती फेरी टीव्हीवर दिसली. साधा झगा, विस्कटलेले केस. वय ४७ सांगताच लोक हसले. ऊस पाचट बघून कोणी जोखत नाही, रसाचा ब्रिक्स घ्यावा लागतो. तिथे रस काढायच्या आधीच निकाल! पण 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकातले गाणे सुरू झाले, अन् पहिल्या काही ओळींतच सभागृह उभे राहिले.

पुढचे सात आठवडे मात्र कठीण गेले. वार्ताहर दारात. ३० मे रोजी अंतिम फेरीत नाचणाऱ्या पोरांचा संच जिंकला, बाई दुसऱ्या आल्या. दुसऱ्याच दिवशी अतिथकव्याने त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. म्हणून सांगतो, गाणाऱ्याबरोबर घरचे जाणते माणूस शेवटपर्यंत राहील, ही सोय आधी करा.

नोव्हेंबरात निघालेला त्यांचा पहिला अल्बम ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पैसा आला, तेव्हा बाईंनी आईवडिलांचे तेच जुने सरकारी घर विकत घेतले.