साबण खातो कोण ?

साबणाची वडी ठरल्या दिवसाआधीं संपली, म्हणजे त्याचा जाब बहुधा धुणें धुणाऱ्या सुनेस द्यावा लागतो. हात सैल, संसाराची काळजी नाहीं, माहेरचें वळणच तसलें, असे निकाल न्हाणीघराच्या दारांतच लागतात. आरोपीची बाजू न ऐकतां दिलेला हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. साबण खाणारा खरा खादाड दुसराच असून तो पुष्कळदां आडाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यांत दडून बसलेला असतो.

आपलें अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगररांगेंत, काळ्या कातळावर वसलेलें आहे. पावसाचें पाणी मूळचें मृदु. परंतु माती व खडकाच्या भेगा यांतून मुरतां मुरतां तें चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यांत विरघळवून घेतें. अशा पाण्यास लोक जड पाणी म्हणतात. शास्त्रांत त्यास दुष्फेन हें नांव आहे.

आतां साबण म्हणजे काय तें पाहूं. तेल अथवा चरबी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत शिजविली, कीं तींतून ग्लिसरीन सुटें होतें आणि उरलेलें मेदाम्ल सोड्याशीं संयोग पावून साबण तयार होतो. मेदाची ही घडण शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञानें १८२३ सालीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडली. साबणाच्या प्रत्येक रेणूचें एक टोंक पाण्याचें सोयरें, तर लांब शेपूट तेलाचें सोयरें असतें. शेपटें कपड्यावरील तेलकट मळांत रुततात, डोकीं पाण्याकडे राहतात, आणि चोळतांच मळाचे बारीक थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातात.

जड पाण्यांत मात्र चुना साबणास वाटेंतच गांठतो. दोहोंच्या संयोगानें न विरघळणारी चिकट साय बनते. बादलीच्या कडेची करडी रेघ व पांढऱ्या कपड्यांवर चढणारी मळकट झांक हीं बहुधा तिचींच कृत्यें. चुन्याची भूक भागेपर्यंत कपड्याच्या वांट्यास साबण येतच नाहीं. मग सुनेनें किती घासावें, आणि बोल तरी किती ऐकावे ?

आमच्या म्हणण्यावर विश्वास नको, परीक्षा करावी. दोन सारख्या बाटल्या घेऊन एकींत पावसाचें व दुसरींत आडाचें पाणी सारख्या मापानें भरावें. साबणाच्या वडीचें पाणी थेंब मोजून दोहोंत टाकावें व हलवावें. टिकाऊ फेंस येण्यास कोणत्या बाटलींत किती थेंब लागले, यावरून चोर आपोआप सांपडेल. हा प्रयोग शाळेंतील मुलेंही करूं शकतील.

उपायही महागाचे नाहींत. पाणी तापविण्याच्या बंबांत बसणारें पांढरें कवच हा उकळण्यानें बाहेर पडलेला चुनाच होय. धुण्याच्या पाण्यांत थोडा धुण्याचा सोडा ढवळावा व गाळ बसल्यावर वरचें पाणी वापरावें. मात्र तें पिऊं नये, व लोंकर-रेशमास लावूं नये. पावसाळ्यांत पागोळीचें पाणी तर फुकटच आहे.

कोणी म्हणेल, हल्लीं भुकटी आहे. १९६९ सालीं अहमदाबादेस करसनभाई पटेल या रसायनज्ञानें निरमा सुरू केली, आणि पुढें अशी स्वस्त भुकटी घरोघर पोंचली. तिच्यांतील सल्फोनेट चुन्याला सहजासहजीं बळी पडत नाहीं, हें खरें. परंतु स्वस्त भुकटींत सोडा पुष्कळ असल्यास हात सोलतात, आणि जिच्यांत फॉस्फेट असेल ती नदीनाल्यांत शेवाळ माजविते. म्हणून तीही मापानेंच घ्यावी.

दुकानदारांसही एक विनंति आहे. अंगाच्या साबणाच्या वेष्टणावर टी. एफ. एम. म्हणून मेदद्रव्याचा आंकडा असतो. भारतीय मानकाप्रमाणें तो पहिल्या प्रतीस निदान ७६, दुसरीस ७० व तिसरीस ६० टक्के लागतो. वासापेक्षां हा आंकडा गिऱ्हाइकास दाखवावा.

इतक्यावरही ज्या गृहस्थांस साबणाचा हिशेब सुनेकडेच मागावयाचा असेल, त्यांनीं एक आठवडा आपलें धुणें आपण धुवावें, आणि मग खुशाल निकाल द्यावा.