ऑपरेशनआधीचा वजनकाटा

1936 साली अमेरिकेतल्या हायरम स्टडली या सर्जननं पेप्टिक अल्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन पाचव्या हिश्शाहून जास्त उतरलं होतं, त्यांतला दर तिसरा रुग्ण दगावला होता. बाकीच्यांत हे प्रमाण होतं साडेतीन टक्के.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांचा रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर पोचतो तो बहुधा असाच झडून. जेवलं की पोटात मुरडा येतो, म्हणून तो चार घास कमी खातो. खाल्लेलं सुजलेल्या आतड्यातून पुरतं शोषलं जात नाही. जुलाबातून रक्त आणि प्रथिनं जातात ती वेगळीच, आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडनं स्नायू झिजतात. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी यांची लक्षणं इतकी मिळतीजुळती, की कित्येकांना आधी टीबीचीच औषधं चालू होतात आणि खऱ्या निदानाला काही महिने उशीर होतो.

त्यातून घरचं पथ्य! दूध बंद, डाळ बंद, अंडं तर नकोच. मग भाताची पेज, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर. माया खरी, पण हिशोब जुळत नाही. आजार भडकलेला असताना 50 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, वाटीभर पेजेत जेमतेम एक-दोन.

प्रथिनं नसतील तर कापून जोडलेलं आतडं भरून येत नाही. जोड गळतो, पोटात पू होतो, पुन्हा ऑपरेशन. म्हणूनच सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटलं असेल किंवा बीएमआय 18.5 च्या खाली असेल, तर तातडी नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलून आधी 7 ते 14 दिवस नीट पोषण द्यावं, असं युरोपातल्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आतडं फुटलं असेल तर अर्थातच थांबायला वेळ नसतो.

हे पोषण शक्यतो तोंडावाटे, नाहीतर नाकातल्या नळीनं. शिरेतून देणं हा शेवटचा उपाय. अरुंद झालेल्या आतड्यात भाकरी अडकते, पण पावडर कालवून केलेलं पातळ अन्न बऱ्याचदा पुढे सरकतं. काही आठवडे निव्वळ त्यावर राहिलेल्या क्रोन्सच्या काही रुग्णांचा दाह इतका ओसरतो, की ऑपरेशनच टळतं.

मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर देणं घातक. रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून सुरुवात थोडक्यानं, रोजच्या रक्ततपासणीवर नजर ठेवून. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा पाहून घाबरणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. पण तो दाहामुळेही उतरतो, नुसत्या अंड्यांनी वर येत नाही. आणि अंगानं भरलेला रुग्णही आतून स्नायू गमावून बसलेला असू शकतो, तेव्हा आहारतज्ज्ञानं त्यालाही तपासायला हवं.