जुन्या दगडी चर्चवास्तू आणि भूकंप

दिनांक २६ सप्टेंबर १९९७ रोजी पहाटे इटलीतील उंब्रिया प्रांताला भूकंपाचा धक्का बसला. असिसी येथील संत फ्रान्सिसच्या महामंदिराची हानी पाहण्यासाठी काही मंडळी वरच्या मंदिरात शिरली असता दुपारपूर्वी दुसरा धक्का बसला आणि कमानदार छताचे काही भाग कोसळले. दोन फ्रान्सिस्कन बंधू व दोन तंत्रज्ञ मृत्यू पावले. चिमाबुएच्या भित्तिचित्राचाही चुरा झाला. परंतु प्रथम स्मरण त्या चौघांचे व्हावे. धक्क्यानंतर वास्तूत घाईने शिरू नये, मग ते पवित्र साक्रामेंत सुरक्षित हलविण्यासाठी का असेना.

शतकानुशतके उभे असलेले छत तेव्हाच का पडले? डागडुजीच्या काळात कमानींच्या पाठीवर, छपराखालच्या पोकळीत, फुटकी कौले व दगडविटांचा राडारोडा साठत गेला होता. असा सुटा भराव कमानीला आधार देत नाही, भार मात्र घालतो. आणि भूकंपाचा आडवा जोर भाराच्या प्रमाणातच वाढतो. पुढे तो भराव उपसण्यात आला, कमानींच्या पाठीवर हलक्या तंतुमय बरगड्या बसविण्यात आल्या व त्या स्प्रिंगयुक्त सळयांनी छपराशी जोडल्या गेल्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये मंदिर पुन्हा उघडले.

इटलीतील अभियंते, विशेषतः १९७६ च्या फ्रिऊली भूकंपापासून, चर्चकडे एकसंध पेटीप्रमाणे पाहत नाहीत. दर्शनी भिंत, वेदीपुढील कमान, वेदीमागील भिंत, घंटामनोरा हे भाग वेगवेगळे हलतात. दर्शनी भिंत बाजूच्या भिंतींपासून सुटून बाहेर कलते. म्हणून कोपऱ्यांतील उभ्या भेगा आधी पाहाव्यात. गिलाव्याने त्या झाकणे म्हणजे रोग्याच्या तोंडाला पावडर लावणे होय.

भिंतीच्या पोटातही पाहिले पाहिजे. १९९३ साली किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटले, कारण आरपार जाणारे दगड त्यांत नव्हते.

आपल्याकडे लाकडी छप्पर उतरवून काँक्रीटचा स्लॅब घालण्याची हौस फार. उंब्रियात अशा जड, ताठर छपरांनी खालच्या दुबळ्या भिंती चिरडल्याची उदाहरणे १९९७ मध्ये दिसली. लाकूड दुरुस्त करून भिंतींशी नीट बांधणे बहुधा अधिक श्रेयस्कर. आणि जुन्या चर्चमध्ये एका भिंतीपासून दुसरीपर्यंत गेलेल्या लोखंडी सळया दिसल्या, तर सजावटीला अडथळा म्हणून त्या कापू नयेत. भिंतींना बाहेर कलण्यापासून त्याच रोखून धरीत असतात.